आधी माती, मग बी

मे महिन्याची अखेर आली, रोहिणी नक्षत्र लागले, की आमच्या घरात दोन बाजूंनी फोन येऊ लागतात. खानापूरकडून थोरले बंधू विचारतात, "वळीव झाला का? वाफे उकरून ठेवलेस का?" आणि बैलहोंगलकडून सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ते, विचारतात, "मळे बंतेनु?" दोघांचा प्रश्न एकच. मात्र पुढचा सल्ला अगदी उलटा असतो. बंधू म्हणतात, वाफ्यात चुलीतली राख टाक. अत्ते म्हणतात, राख अजिबात नको.

सुरुवातीला मला वाटायचे, हा दोन घरांच्या पद्धतींमधला फरक असावा. मराठी घरात एक रीत, कन्नड घरात दुसरी. पुढे कळले, की भाषेचा इथे काही संबंध नाही. फरक मातीचा आहे. खानापूरची माती तांबडी, बैलहोंगलची काळी. दोघेही आपापल्या मातीचे बरोबर सांगत होते. माझी माती कोणती, हे मात्र मलाच ठाऊक नव्हते.

आपल्यापैकी अनेकांची गत हीच आहे. नव्या वसाहतीत प्लॉट घेतो, घर बांधतो, मागे दहा-बारा फूट मोकळी जागा राहते. मोठ्या हौसेने बियांची पाकिटे आणतो, टोचतो, पाणी घालतो. जुलैपर्यंत निम्मे उगवत नाही आणि उरलेले पिवळे पडते. मग "आपल्या हाताला गुण नाही" म्हणून तिथे शहाबादी फरशी घालून टाकतो. माझ्या परसाचेही दोनदा असेच झाले.

हरवलेली वरची माती

आमचे घर २०१४ साली उभे राहिले. पाया खणताना निघालेला मुरूम गवंड्यांनी मागच्या मोकळ्या जागेत पसरला. वर सिमेंटचे सांडलेले गोळे, विटांचे तुकडे, प्लॅस्टरची वाळू. जागा सपाट दिसली, आम्हीही खूश झालो. पुढच्या पावसाळ्यात वांगी, मिरची, भेंडी लावली. भेंडी वीतभर वाढून थांबली. वांग्याची रोपे जूनमध्ये जशी होती, तशीच गणपतीत होती. दुसऱ्या वर्षी महागाचे बियाणे आणले. फरक काही पडला नाही.

त्या वर्षी गौरी-गणपतीला अत्ते आल्या होत्या. मागच्या दारी गेल्या, वाकून मूठभर माती उचलली, चोळली, नाकाशी नेली आणि परत टाकली. म्हणाल्या, "मण्णु मोदलु, बीज आमेले." आधी माती, बी नंतर. मग पहारीने एक हात खोल खणायला लावले. मुरमाच्या थराखाली काळसर, भुसभुशीत मातीचा थर निघाला. ती या जागेची मूळ माती! आमच्या घराखाली जाण्यापूर्वी इथे शेत होते. ज्या मातीत वर्षानुवर्षे जोंधळा आणि भुईमूग पिकला, ती आम्हीच गाडून टाकली होती आणि वरच्या दगडाकडून भाजी मागत होतो.

जमिनीचा जीव वरच्या सहा ते नऊ इंचांत असतो. कुजलेला पाला, गांडुळे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू सगळे त्याच थरात. खालचा मुरूम म्हणजे नुसता झिजलेला खडक. म्हणून जे वाचक सध्या घर बांधण्याच्या तयारीत आहेत, त्यांना माझे पहिले सांगणे हेच: पाया खणण्याआधी वरची वीतभर माती वेगळी काढून प्लॉटच्या एका कोपऱ्यात ढीग करून ठेवा. एका दिवसाची मजुरी जाईल. पण घर पूर्ण झाल्यावर तीच माती पुन्हा पसरता येईल. विकतच्या ट्रॉलीतून येणारी माती कुठली, कशी, याचा भरवसा नसतो.

आमचे मात्र व्हायचे ते होऊन गेले होते. मग त्या वर्षी भाजीचे नाव काढले नाही. दिवाळीनंतर मुरूम जमेल तितका काढला, विटांचे तुकडे वेचले, उरलेली जमीन फूटभर खोल उलथली आणि उन्हाळाभर तापू दिली. पुढच्या मृगात सगळीकडे ताग (कन्नडमध्ये सेणबु) दाट पेरला. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुले दिसू लागताच तो कोवळा असतानाच कापून मातीत गाडला. तागाच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात आणि त्याचा पाला लवकर कुजतो. वर शेणखत आणि आसपासच्या झाडांचा पालापाचोळा घातला. दसऱ्याला मेथी टाकली. चौथ्या दिवशी हिरवी रेघ उमटली. त्या संध्याकाळी घरातली सगळी माणसे एकेक करून मागच्या दारी जाऊन पाहून आली.

तांबडी आणि काळी

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले, की शंभर किलोमीटरच्या आत माती आणि पाऊस दोन्ही बदलतात. कणकुंबी-जांबोटीकडे तांबडी, जांभ्या दगडाची माती. मुसळधार पावसाने तिच्यातला चुना आणि इतर क्षार धुऊन जातात, म्हणून ती आंबट होते. पाणी झटकन निचरते, खतही टिकत नाही. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडे काळी माती. ती ओली झाली, की फुगते, वाळली, की भेगाळते. पाणी धरून ठेवते, पण जास्त पाणी झाले, की मुळे गुदमरतात. तिच्यात चुना मुळातच असतो. बेळगाव शहर या दोहोंच्या मधे. त्यामुळे एका वसाहतीतली माती दुसरीसारखी असेलच असे नाही.

आता राखेचे कोडे सुटते. राख आम्लाच्या उलट गुणाची. तांबड्या आंबट मातीत मूठभर राख औषधासारखी काम करते. काळ्या मातीत आधीच चुना असताना वर राख घातली, तर झाडाला लोह आणि जस्त मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. म्हणजे बंधूही खरे आणि अत्तेही खऱ्या.

आपली माती ओळखायला सोपा उपाय आहे. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्या, वर पाणी भरा, चांगले हलवून ठेवून द्या. जाड वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा पुढच्या काही तासांत, आणि चिकणमाती बसायला दिवस-दीड दिवस लागतो. थर मोजले, की अंदाज येतो. दुसरी परीक्षा हाताची. ओलसर माती मुठीत दाबा. गोळा झालाच नाही, तर वाळू जास्त. गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला, तर उत्तम. टोचूनही फुटला नाही, चिकटच राहिला, तर चिकणमाती जास्त.

आम्लता आणि अन्नद्रव्ये नेमकी कळायची असतील, तर माती तपासून घ्यावी. बागेत चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो पिशवीत भरून द्यावी. नुकतेच खत घातले असेल, तर तेवढी जागा सोडावी. होबळीच्या गावी असलेल्या रयत संपर्क केंद्रात याची माहिती मिळते. आपल्या जिल्ह्यात तुक्कानट्टी आणि मत्तिकोप्प येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत.

दोन्ही मातींना लागू पडणारे औषध मात्र एकच: कुजलेले खत. तांबड्या मातीत ते पाणी धरते, काळ्या मातीत ते पोकळी करते. काळी माती मोकळी करायची म्हणून थोडी वाळू मिसळण्याचा मोह टाळावा. थोड्या वाळूने चिकणमाती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते.

वाफा, म्हणजेच मडी

कन्नडमध्ये वाफ्याला मडी म्हणतात. सोवळ्यालाही मडीच म्हणतात. अत्तेंच्या तोंडी दोन्ही अर्थ एकदम येतात. वाफ्यात पाय ठेवलेला त्यांना चालत नाही! शास्त्रही तेच सांगते. पायाने तुडवलेली माती दबते, हवा निघून जाते, मुळांना वाट मिळत नाही. म्हणून वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. लांबी जागेप्रमाणे. पावसाळ्यासाठी वाफा अर्धा फूट उंच हवा, म्हणजे आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत पाणी साचत नाही. उन्हाळ्यात मात्र सपाट किंवा थोडा खोलगट वाफा बरा.

दहा फूट बाय तीन फुटांच्या वाफ्याला तीन-चार घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड (बेविन हिंडी) पुरते. शेणखत पूर्ण कुजलेले हवे. हातात घेतल्यावर ते चहाच्या चोथ्यासारखे भुरभुरले पाहिजे आणि त्याला पहिल्या पावसाचा वास आला पाहिजे. शेणाचा वास येत असेल, तर ते अजून कच्चे आहे. कच्चे शेण कुजताना उष्णता देते, कोवळी मुळे जळतात, शिवाय त्यातून हुमणी आणि वाळवी येते. हुमणीने आपल्या भागातल्या उसाचे काय होते, ते शेतकऱ्यांना विचारा.

शेणखत मिळत नसेल, तर घरीच खत करावे. जुन्या बादलीला तळाशी आणि कडेला भोके पाडा. तीन भाग वाळका पाला आणि एक भाग भाजीची देठे-साले, असे थर घालत जा. प्रत्येक थरावर मूठभर माती टाका, आठवड्याला एकदा ढवळा. दोन-तीन महिन्यांत खत तयार. वास आला, तर समजा ओले जास्त झाले. वाळका पाला वाढवा.

मागच्या वर्षी रोपे मरण्याचा त्रास झाला असेल, तर एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने बुजवाव्यात. चार ते सहा आठवड्यांच्या उन्हाने आतली माती इतकी तापते, की बुरशी आणि तणांचे बरेचसे बी मरते. याला पैसा लागत नाही, आपल्याकडचे ऊन तेवढे लागते.

पाकिटावर काय लिहिले आहे?

बियाणे घेताना आपण पाकिटावरचे चित्र पाहतो. मागची बाजू वाचत नाही. तिथे उगवणशक्तीचे प्रमाण, तपासणीची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असते. मुदत संपत आलेले पाकीट घेऊ नये. कांद्याच्या बियाची ताकद वर्षभरात ओसरते. भेंडी, मिरची दोनेक वर्षे, वांगी-टोमॅटो तीन-चार वर्षे, दोडका-काकडी त्याहून थोडे अधिक टिकते. गुलाबी किंवा निळा रंग दिलेल्या बियांना बुरशीनाशक चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

दुसरी गोष्ट, बी संकरित आहे की सरळ वाण आहे, ते पाहावे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची दोन उदाहरणे घेऊ. त्यांची 'अर्का अनामिका' भेंडी हा सरळ वाण आहे. शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला तोंड देणारी म्हणून ती प्रसिद्ध झाली. तिचे बी घरी धरून पुढच्या वर्षी पेरता येते. त्याच संस्थेचा 'अर्का रक्षक' टोमॅटो संकरित आहे. पीक भरपूर येते, पण त्याचे बी धरले, तर पुढच्या पिढीत एक झाड असे, एक तसे निघते. संकरित बी वाईट नाही. मात्र त्यासाठी दर वर्षी दुकानात जावे लागते, हे समजून घ्यावे.

पेरताना

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पडावे. वांगी, मिरची, टोमॅटोचे बी नखभर मातीखाली, भेंडी-दोडका अर्ध्या ते पाऊण इंचावर. खोल टोचलेले बी वर येण्याआधीच दमते. भेंडी रात्रभर भिजवावी. कारले (हागलकाई) आणि दोडका (हीरेकाई) यांचे कवच कठीण, ते दिवसभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवले, तर लवकर अंकुरते. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करून पेरावेत.

रोपे करायला प्लॅस्टिकचे ट्रेच हवेत असे नाही. तळाला भोक पाडलेली करवंटी, दुधाची पिशवी, काहीही चालते. निम्मी चाळलेली माती आणि निम्मे कुजलेले खत एवढे पुरे. पेरल्यावर भाताचे पिंजर अंथरावे आणि झारीने हलके पाणी द्यावे. पहिला कोंब दिसताच पिंजर काढून टाकावे, नाहीतर रोपे पिवळी, लांबोडी होतात. कडेने हळदीची रेघ ओढली, तर मुंग्या बी ओढून नेत नाहीत.

भेंडी चार ते सहा दिवसांत, टोमॅटो आठवड्यात, वांगी आठ-दहा दिवसांत उगवते. मिरचीला दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्यात उकरून पाहू नये. सगळ्यात मोठी चूक पाण्याची. रोज सकाळ-संध्याकाळ बदाबदा पाणी घातले, की रोपाचे देठ मातीलगत काळे पडते आणि रोप आडवे होते. वरची माती सुकलेली दिसली, तरच पाणी द्यावे, तेही सकाळी.

टोमॅटोची रोपे पंचवीस-तीस दिवसांत, वांगी-मिरचीची पाच-सहा आठवड्यांत लावायला येतात. त्याआधी आठवडाभर पाणी थोडे कमी करून ऊन दाखवावे. लावणी संध्याकाळी करावी. दोडका, कारले, भेंडी, मुळा, गाजर यांना जागा बदललेली मानवत नाही. ती जागेवरच टोचावीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात वेल, भेंडी, वांगी, मिरची घ्यावी. टोमॅटो, कोबी, गाजर, पालक दसऱ्याच्या सुमारास सुरू करावे. जुलैच्या झडीत टोमॅटो लावून नशिबाला दोष देऊ नये.

आईचा डबा

इथपर्यंत मातीचे झाले. बियाची गोष्ट मला उशिरा कळली.

माझी आई खानापूरच्या घरी दर वर्षी बी धरायची. काटेरी वांगे, चवळी, आणि एक आखूड, जाड शिरांचा दोडका. त्याला पाणी कमी सुटायचे आणि शिरांची चटणी वेगळीच लागायची. राखेत घोळलेले बी चिंध्यांच्या पुरचुंड्यांत बांधून पत्र्याच्या डब्यात असायचे. २०१८ साली ती गेली. डबा मी बेळगावला आणला आणि देवघराच्या फडताळात ठेवला. आठवण म्हणून. उघडायला मन होत नव्हते.

सहा वर्षांनी, २०२४ च्या रोहिणीत, अत्तेंनीच विचारले, "त्या डब्यातले पेरले का?" मी म्हटले, "जपून ठेवले आहे." त्या क्षणभर गप्प राहिल्या. म्हणाल्या, "बी असे जपत नसतात."

डबा उघडला. उगवण तपासण्याची रीत सोपी आहे. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवायच्या, आठ-दहा दिवसांनी मोजायच्या. सात-आठ अंकुरल्या, तर बी चांगले. चार-पाच असतील, तर दाट पेरावे. वांग्याची एकही बी फुटली नाही. चवळीला भुंगे लागून पीठ झाले होते. ती दोन वाणे आमच्या घरातून गेली. खानापूरच्या घरी आता कोणी बी धरत नाही, त्यामुळे तिकडेही मिळाली नाहीत. दोडक्याच्या सगळ्या बिया भिजवल्या, मोजून बावीस होत्या. तीन उगवल्या.

त्या तीन वेलांची आम्ही बाळंतिणीसारखी निगा राखली. दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. त्याच्या परागाची भेसळ शेजारच्या दुसऱ्या दोडक्याशी होऊ शकते. म्हणून बीसाठी ठेवायच्या फुलावर आदल्या दिवशीच कापडी पिशवी बांधायची, नर फुलांवरही तशीच, आणि उमलल्यावर नर फुलाचे पराग मादी फुलावर आपल्या हाताने लावून पिशवी पुन्हा बांधायची. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा दोडका असतो, त्यावरून ते ओळखता येते. पहिली चांगली फळे खायची नाहीत, बीसाठी राखायची. वेलावरच पूर्ण वाळू द्यायची. हलवल्यावर आत बी खुळखुळले, की टोपण उघडून काळे बी काढायचे. वांगे बीसाठी पिवळे होईपर्यंत ठेवावे, पाण्यात कुस्करावे, तळाशी बसलेले बी घ्यावे. टोमॅटोचा गर एक-दोन दिवस आंबवून मग धुवावा. बी सावलीत वाळवून, घट्ट डब्यात, ओल आणि उष्णतेपासून दूर ठेवावे.

महाराष्ट्रात अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम शेकडो गावरान वाणांसाठी केले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला शेकडो वाणे सांभाळायची नाहीत. प्रत्येक घराने एक सांभाळले, तरी पुष्कळ झाले.

कन्नडमध्ये म्हण आहे, "हित्तल गिड मद्दल्ल". परसातले झाड औषध वाटत नाही. घरातल्या वस्तूची किंमत नसते, असा तिचा अर्थ. आईच्या वांग्याच्या बाबतीत मी तोच धडा गिरवला. फरक इतकाच, की मी किंमत ओळखून ते डब्यात कोंडले. परिणाम तोच झाला.

त्या वर्षी दोडक्याचे बी भरपूर निघाले. त्याच्या चार पुरचुंड्या केल्या. एक आमच्याकडे, एक खानापूरला, एक बैलहोंगलला, एक शेजारी. एका घरातला वेल मेला, तर दुसऱ्या घरून बी परत मागता यावे म्हणून. पुरचुंड्यांवर मुलीने नाव आणि साल दोन्ही लिप्यांत लिहिले, एकीकडे दोडका, दुसरीकडे हीरेकाई.

बैलहोंगलच्या काळ्या मातीत तो दोडका कसा येईल, याची मला शंका होती. गेल्या श्रावणात अत्तेंचा फोन आला. वेल मांडवावर चढला आहे, पहिले फळ बीसाठी सोडले आहे, आणि हो, राख घातलेली नाही.